टॉवरच्या लहरी मोजायला निघालो आणि आठ दिवस मीटर घेऊन हिंडलो

सडेकर (राजापूर तालुका)

नमस्कार मंडळी,

मागच्या वर्षी शिमग्यानंतर आमच्या वाडीच्या वर सड्यावर मोबाइलचा टॉवर उभा राहिला. त्याआधी मुंबईला फोन करायचा तर पाखाडी चढून वडाच्या पारापर्यंत जावं लागे, तिथे एखादी कांडी रेंज मिळे. टॉवर झाला आणि घरात बसून मुलाबाळांशी बोलणं व्हायला लागलं. पण चार महिन्यांत ग्रामसभेत टॉवर हलवण्याचा विषय आला. शेजारच्या काकूंची झोप उडाली, त्यांनी अंथरूण ओटीवरून उचलून मागच्या पडवीत नेलं. एका घरची लेक बाळंतपणाला यायची होती, ती आलीच नाही. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून सभेत सगळे माझ्याकडे वळले. "मास्तर, तुम्ही सांगा, धोका आहे की नाही?" मला बोलता आलं नाही. पुस्तकातलं सांगता आलं असतं, पण आमच्या वाडीत, काकूंच्या ओटीवर किती आहे हे कुणीच मोजलेलं नव्हतं.

पहिलं मीटर ऑनलाइन मागवलेलं, स्वस्तातलं. टॉवरखाली शून्य, आणि फ्रिजपाशी नेलं की लाल दिवा. दोन दिवस गोंधळात गेले. मग सोबतच्या पत्रकातली बारीक अक्षरं वाचली. ते मीटर घरच्या विजेच्या 50 हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राचं होतं. मोबाइलच्या लहरी 700 मेगाहर्ट्झपासून साडेतीन गिगाहर्ट्झपर्यंतच्या, त्या त्याला कळणारच नव्हत्या. हे मुद्दाम लिहितोय, कारण अशाच मीटरचे व्हिडिओ आमच्या वाडीच्या ग्रुपवर फिरत होते आणि लोक त्यावरून घाबरत होते.

मग ओळखीच्या एका प्राध्यापकांनी त्यांच्या प्रयोगशाळेतलं चांगलं मीटर आठ दिवसांसाठी दिलं. हे सगळ्या वारंवारता एकत्र धरून एकच आकडा दाखवतं, व्होल्ट प्रति मीटरमध्ये. आपल्याकडे 1 सप्टेंबर 2012 पासून टॉवरसाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दशांश केली, म्हणजे 900 मेगाहर्ट्झला 0.45 वॉट प्रति चौरस मीटर. व्होल्टमध्ये बोलायचं तर साधारण 13 व्होल्ट प्रति मीटर. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून कामाला लागलो.

पहिला धक्का टॉवरखालीच बसला. पायथ्याशी अगदी थोडं. खाली वाडीत त्याहून थोडं जास्त. आणि पऱ्यापलीकडच्या चढावर, जिथून कुणी कधी तक्रार केलेली नाही, तिथल्या एका घराच्या अंगणात सगळ्यांत जास्त. रत्नदुर्गाजवळच्या दीपगृहाचा झोत आठवा. बुरुजाखाली अंधार असतो आणि दूरच्या होडीवर उजेड पडतो. अँटेनाचा झोतही आडवा, थोडासा खाली कललेला. आमच्याकडे जमीन अशी वरखाली की समोरच्या चढावरचं घर नेमकं अँटेनाच्या उंचीला येतं. सपाट गावात 'टॉवरपासून इतकं अंतर' म्हणून चालत असेल, आपल्याकडे उंची धरल्याशिवाय अंतराला काही अर्थ नाही. तरी त्या अंगणातला आकडासुद्धा 1 च्या आतच होता.

दुसरा धक्का माजघरात. जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती, आत आकडा एकदम खाली येतो. वहीत लिहीत असतानाच मुलीचा फोन आला. मीटर हातभर अंतरावर टेबलावर. आकडा अंगणातल्या कित्येक पटींनी उसळला आणि बोलणं संपेपर्यंत वरखाली होत राहिला. टॉवर तिथेच, भिंती त्याच. उसळी माझ्या हातातल्या फोनची होती. चिऱ्याने टॉवरच्या लहरी अडवल्या, म्हणून फोनला टॉवरपर्यंत पोहोचायला जोर लावावा लागला.

त्या संध्याकाळी वही मिटली आणि ठरवलं, आता टॉवर मोजायचा नाही, दिवस मोजायचा. सकाळी गोठा, मग एसटी, वर्ग, बाजार, परत घर, रात्री अंथरूण. दर दहा मिनिटांनी नोंद. असे सहा दिवस झाले. आता ढीगभर आकडे आहेत आणि ग्रामसभेपुढे ते कसे मांडावे कळत नाही. जाणकारांनी चुका दाखवाव्यात.

लहरखुणा (गुहागर, सध्या पुणे)

मास्तर, फार चांगलं काम केलंत. मी या क्षेत्रात नोकरी करतो, त्यामुळे सविस्तर लिहितो.

आधी सरासरीचं. व्होल्टचे आकडे सरळ बेरीज करून भागू नका. शरीरात शोषली जाणारी शक्ती व्होल्टच्या वर्गावर अवलंबून असते. समजा अर्धा दिवस 0.2 आणि अर्धा दिवस 0.6 आहे. साधी सरासरी 0.4 येईल. खरी सरासरी काढायला दोन्हींचे वर्ग करा, 0.04 आणि 0.36, त्यांची सरासरी 0.2, तिचं वर्गमूळ साधारण 0.45. थोडा वेळ आलेला मोठा आकडा अशा हिशेबात जास्त वजन घेतो, आणि ते बरोबरच आहे. मर्यादेशी तुलनाही तशीच. 0.6 हे 13 च्या बावीसाव्या हिश्शाइतकं दिसतं, पण शक्तीच्या भाषेत ते पावणेपाचशेवा भाग आहे. ग्रामसभेत हा दुसरा आकडा सांगा, कारण कायद्याची मर्यादा शक्तीवरच बांधलेली आहे.

दुसरं, नोंदी घेताना तुमचा फोन कुठे होता? खिशात चालू असेल तर टॉवरच्या नोंदीत तोही मिसळला. फेऱ्या दोन करा. एक फोन विमान मोडवर ठेवून, म्हणजे आजूबाजूचं कळेल. दुसरी नेहमीसारखा फोन वापरत. दोन्हींतला फरक हाच तुमच्या सवयीचा वाटा.

तिसरं, मीटर गळ्यात अडकवलं होतं का? माणसाचं शरीर म्हणजे बव्हंशी खारं पाणी. टॉवर पाठीमागे असला की छातीवरच्या मीटरवर शरीराची सावली पडते आणि आकडा कमी येतो. संशोधनात यासाठी मीटर पाठीवरच्या पिशवीत डोक्याच्या वर येईल असं बांधतात, किंवा शरीराच्या दोन्ही बाजूंना एकेक लावतात.

दिवस मोजायची तुमची कल्पना अगदी योग्य वाटेवरची आहे. यासाठी अंगावर वागवायची वेगळी मापकं असतात. ती दर काही सेकंदांनी नोंद घेतात आणि वारंवारतेचे पट्टे वेगळे दाखवतात. 900 च्या पट्ट्यात फोनकडून टॉवरकडे जाणारं 890 ते 915 मध्ये, टॉवरकडून येणारं 935 ते 960 मध्ये. म्हणजे कुणामुळे किती, हे सुटं होतं. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल भागात 166 लोकांनी असं मापक आठवडाभर वागवलं होतं, 2009 साली ते प्रसिद्ध झालं. सरासरी निघाली 0.13 मिलिवॉट प्रति चौरस मीटर, व्होल्टमध्ये 0.22. त्यात टॉवरचा वाटा 32 टक्के, मोबाइल फोनचा 29, घरातल्या बिनतारी दूरध्वनीचा 23. सगळ्यांत जास्त कुठे, तर रेल्वेच्या डब्यात, 1.16 मिलिवॉट. ते 2जी-3जीचे दिवस होते, आजचं चित्र तसंच्या तसं धरू नका. आता 2300 आणि 3500 च्या पट्ट्यांत जाणं-येणं एकाच वारंवारतेवर आळीपाळीने चालतं, त्यामुळे फोनचं कुठलं आणि टॉवरचं कुठलं हे तिथे वेगळं करता येत नाही. 5जी तर ज्याने मागितलं त्याच्याकडे झोत वळवतं. नुसतं उभं राहून मोजलं तर झोत दुसरीकडेच असेल. तिथे एका फोनवर मोठी फाइल उतरवायला लावून मोजावं लागतं.

आणि फोन कानाला लावल्यावरचं तुमच्या मीटरने मोजू नका. 900 मेगाहर्ट्झची लहर 33 सेंटिमीटरची. इतक्या जवळ व्होल्ट प्रति मीटरवरून शरीरात किती शिरलं ते सांगता येत नाही. ते प्रयोगशाळेत, डोक्याच्या आकाराच्या साच्यात द्रव भरून मोजतात. त्याची आपल्याकडची मर्यादा 1.6 वॉट प्रति किलो, एक ग्रॅम ऊतीवर सरासरी धरून. फोनवर स्टार हॅश शून्य सात हॅश दाबलंत की तुमच्या फोनचा आकडा दिसेल. मात्र तो फोन पूर्ण जोरात असतानाचा. रोजचा जोर रेंजवर ठरतो. वडाच्या पारावर एका कांडीवर जो जोर लागायचा, त्याच्या कितीतरी कमी आता अंगणात लागत असणार. टॉवर आल्यावर फोनवर बोलणाऱ्या माणसाच्या डोक्यापर्यंत पोहोचणारं बहुधा घटलंय. टॉवरच्या आधीची एकही नोंद नाही याची मला मनापासून हळहळ वाटते. ज्यांच्या गावात टॉवर यायचाय त्यांनी आत्ताच नोंदी घेऊन ठेवा.

दर्यासारंग (हर्णै)

आमचा धंदा मासेमारीचा. होडीवर व्हीएचएफ वायरलेस असतो, सोळा नंबरचा चॅनेल कायम उघडा. बसवलेला सेट 25 वॉटचा, हातातला 5 वॉटचा. गावात टॉवरवरून एवढी चर्चा होते, मग आम्ही तर अँटेनाच्या काठीखालीच जेवतो. ते कुणी मोजलंय का? मास्तरांच्या मीटरमध्ये ते येईल का?

लहरखुणा

दर्यासारंग, नेमकी फट दाखवलीत. सोळा नंबर म्हणजे 156.8 मेगाहर्ट्झ. अंगावरची जी मापकं त्या युरोपातल्या अभ्यासांत वापरली, त्यांत एफएमचा पट्टा 108 ला संपतो आणि पुढचा दूरचित्रवाणीचा 174 ला सुरू होतो. समुद्रावरचा वायरलेस बरोबर मधे सुटतो. शहरी माणसाचा दिवस डोळ्यांपुढे ठेवून ती बनवली. खलाशाचा दिवस त्यांत बसत नाही. मास्तरांचं एकत्र आकडा दाखवणारं मीटर 100 मेगाहर्ट्झपासून पुढचं असेल तर त्यात तुमचं येईल.

तुमचं वेगळेपण असं की सेट फक्त बटण दाबून बोलताना लहरी सोडतो, ऐकताना नाही. दिवसभरातली बोलण्याची मिनिटं मोजा, निम्मं उत्तर त्यात आहे. बाकी निम्मं अंतरात. अंतर दुप्पट केलं की शक्ती पाव होते. अँटेना काठीच्या टोकाला ठेवा, कुणी तिला टेकून बसलेलं असताना बोलू नका. हातातला सेट तोंडाला चिकटवू नका, वीतभर लांब धरला तरी आवाज नीट जातो.

सिंधुदुर्गकार (मालवण)

सडेकरांनू, एक इचारूचा आसा. जैतापूरच्या गजालीत 'रेडिएशन' शब्द आयकलेलो, आणि टॉवराचा पण 'रेडिएशन'च म्हणतत. ह्या दोनय एकच काय? आमच्या आयेक तेचीच भीती वाटता.

सडेकर

शब्द एक, वस्तू दोन. हा घोळ आमच्या ग्रामसभेतही झाला आणि माझ्या मते निम्मी भीती तिथूनच आली. अणुभट्टीच्या संदर्भातलं रेडिएशन अणूतून इलेक्ट्रॉन उडवू शकतं. त्याला दहा-बारा इलेक्ट्रॉन व्होल्टची ऊर्जा एका फटक्यात लागते. 900 मेगाहर्ट्झच्या एका कणाकडे असते एका इलेक्ट्रॉन व्होल्टचा सुमारे चार दशलक्षांश भाग. लाटा कितीही आल्या तरी असा फटका त्यांच्याकडून बसत नाही. या लहरींचा पक्का माहीत असलेला परिणाम म्हणजे ऊब, आणि मर्यादा त्या उबेच्या बऱ्याच खाली आखल्या आहेत. आईंना सांगा, त्यांनी विचारलं ते योग्यच विचारलं.

शुभदा (चिपळूण)

मी परिचारिका आहे. सडेकर, काकूंबद्दल काळजी वाटली म्हणून लिहिते.

2011 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या लहरींना 'कर्करोगकारक असण्याची शक्यता' या 2बी गटात टाकलं. गावात जी भीती पसरते तिच्या मुळाशी बहुतेक वेळा ही बातमी असते. त्या गटाचा अर्थ पुरावा मर्यादित आहे, पण विषय सोडून देण्याजोगा नाही. पुढे 2024 मध्ये त्याच संघटनेने करवून घेतलेला मोठा आढावा आला. 1994 ते 2022 मधले 63 अभ्यास तपासून त्यांना मोबाइल वापर आणि मेंदूचा कर्करोग यांत संबंध आढळला नाही. बाळंतपणाला न आलेल्या लेकीच्या घरी तुमची वही घेऊन जा, तिच्या खोलीतला आकडा तिला स्वतः बघू दे.

काकूंची झोप मात्र खरी उडाली आहे, हे कृपा करून कुणी उडवून लावू नका. टॉवरमुळे त्रास होतो म्हणणाऱ्या लोकांवर चाचण्या झाल्या आहेत. लहरी चालू आहेत की बंद हे त्यांनाही आणि तपासणाऱ्यालाही सांगितलं नव्हतं. लोकांना ते ओळखता आलं नाही, पण डोकेदुखी, झोपमोड खरी होती. म्हणजे कारण दुसरीकडे शोधायला हवं. काकूंचा रक्तदाब आणि थायरॉइड तपासून घ्या. टॉवरच्या जनित्राचा रात्रीचा आवाज त्यांच्या ओटीवर येतो का, तेही बघा. आवाजाने झोप मोडते, ते मोजायला तर साधा फोनही पुरतो.

सडेकर

शुभदाताई, जनित्राचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. लाइट गेली की ते सुरू होतं, आणि पावसाळ्यात आमच्याकडे लाइट कितीदा जाते ते तुम्हाला सांगायला नको.

चाकरमानी (डोंबिवली, मूळ लांजा)

रेल्वेचा उल्लेख आला म्हणून. कोकण रेल्वेने जाताना करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात फोन गरम होतो, बॅटरी उतरते. म्हणजे तेव्हा फोन सर्वांत जास्त लहरी सोडत असणार ना? मी मुलांचे फोन तेव्हा बंद करायला लावतो.

लहरखुणा

बोगद्यात अजिबात रेंज नसेल तर फोन मुख्यतः ऐकत असतो, टॉवर शोधत असतो. त्यात बॅटरी जाते, पण तो सोडत काही नाही. उलट बोगद्यातून बाहेर पडताना, एक-दोन कांड्या दिसतात तेव्हा, डब्यातले शंभर फोन एकदम नोंदणी करायला धावतात, तेही पत्र्याच्या डब्यातून आणि पूर्ण जोर लावून. म्हणून बॅटरीवरून लहरींचा अंदाज बांधू नका. अंदाजच हवा असेल तर सेटिंगमध्ये सिमची स्थिती उघडा. तिथे उणे 80 सारखा आकडा असेल तर फोन आरामात आहे, उणे 115 असेल तर तो ओरडतोय. मुलांना उणे 115 ला कॉल लावू देऊ नका, मेसेज पाठवायला सांगा. बोलायचंच असेल तर इअरफोन.

आंबेकर (देवगड)

मास्तर, गणपतीत मोजलंत का? आमच्या गावात एरवी घरं कुलपात. गणपतीत प्रत्येक घरात आठ-दहा माणसं, आरतीचे व्हिडिओ थेट मुंबई-दुबईला. टॉवरवर तेव्हाच खरा भार. भादव्यातला आकडा आणि श्रावणातला आकडा सारखा कसा येईल?

लहरखुणा

लाखमोलाची सूचना. रिकामा टॉवरही आपली ओळख सांगणारे संकेत पाठवतच असतो, पण वापर वाढला की शक्ती वाढते. आरतीच्या वेळी, ओटीवर, सहा मिनिटं सलग मोजा. 1998 च्या आंतरराष्ट्रीय नियमांत सरासरी सहा मिनिटांची होती, 2020 मध्ये सर्वांगासाठी अर्धा तास केली. दोन्ही जमलं तर उत्तम.

आणि ग्रामसभेला एक सांगा. तुमच्या नोंदी गावाला समजण्यासाठी आहेत, कायदेशीर कामाला त्या चालणार नाहीत. दूरसंचार विभागाचं 'तरंग संचार' नावाचं संकेतस्थळ 2017 पासून आहे. तिथे तुमचा टॉवर नकाशावर दिसेल, आणि शुल्क भरून अधिकृत मोजणी मागवता येते. ग्रामपंचायतीने ठराव करून ते शुल्क भरावं. मोजणीला येतील तेव्हा पायथ्याशी उभं राहून परत जाऊ देऊ नका, पऱ्यापलीकडच्या त्या अंगणात घेऊन जा.

सडेकर

मंडळी, उशिरा लिहितोय. गणपतीसाठी मीटर पुन्हा मागून आणलं.

चतुर्थीच्या संध्याकाळी आरती चालू असताना सहा मिनिटं मोजलं. श्रावणातल्या त्याच जागेपेक्षा आकडा स्पष्टपणे वर होता, आणि तरीही 1 च्या खाली. आंबेकर, तुमचं बरोबर निघालं. अर्ध्या तासाची नोंद पंचमीला घेतली. मुलं फोन घेऊन भोवती जमली होती, त्यामुळे ती टॉवरची की फोनची हे मला सांगता येणार नाही, तशीच लिहून ठेवली आहे. ग्रामसभेने तरंग संचारवर अर्ज करायचं ठरवलं आहे. टॉवर हलवायचा विषय त्या मोजणीपर्यंत पुढे ढकलला.

काकूंच्या घरी दुसऱ्या दिवशी गेलो. या वेळी मीटर मी धरलं नाही, त्यांच्याच हातात दिलं. आधी ओटीवर. मग त्यांनी अंथरूण हलवलं आहे त्या मागच्या पडवीत. पडवीत आकडा जास्त आला. ओटीला टॉवरच्या बाजूने चिऱ्याची जाड भिंत आहे, पडवीला नुसता लाकडी रेजांचा आडोसा. काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी पुन्हा ओटीवर जाऊन मोजलं, पुन्हा पडवीत. म्हणाल्या, "मास्तर, ही वही चार दिवस माझ्याकडे राहू दे." गौरी-विसर्जनापर्यंत रोज रात्री नऊला आणि जनित्र सुरू झालं की तेव्हा, अशा दोन नोंदी त्या स्वतः करताहेत. कालच्या पानावर जनित्राच्या रकान्यात वेळ लिहिली आहे, रात्री 1:20, आणि पुढे 'जाग आली'.